गावाने बोलावलंय का?

एरवी या पानावर गुडघे, साखर, सासू आणि सून यांचीच पत्रं असतात. या महिन्यात मात्र टपालातून डोंगर आले आहेत. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत चर्चच्या तरुण मंडळांचे दौरे ठरतात, त्याचाच हा परिणाम असावा. नव्या वाचकांसाठी सांगते: मी इंदूरच्या रामबागेत वाढले, मराठी ख्रिस्ती घरातली, नोकरी सगळी इस्पितळाच्या वॉर्डात. नेपाळच्या पाल्पा-गुल्मीकडच्या डोंगरांत, तिथल्या एका नर्समैत्रिणीच्या बोलावण्यावरून, बऱ्याच सुट्ट्या घालवल्या. तेवढ्या शिदोरीवर बोलते, पटलं तर घ्या. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं, विनंती होती तशी, गाळली आहेत.

प्रश्न : मावशी, मी २४ वर्षांची, विजयनगरला एका आयटी कंपनीत आहे. आमच्या युवक संघाचे बारा जण दसऱ्याच्या सुट्टीत नेपाळला जाणार आहेत. बुटवलच्या वर एका ठिकाणी रस्ता संपतो, तिथून दोन दिवस चालायचं. गावात नाटिका, गाणी, पुस्तिका वाटणं, शिवाय जुने कपडे आणि औषधं न्यायची, असं ठरलंय. खर्च प्रत्येकी अठरा हजार. आई म्हणते, “इथे गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत नाहीस, तिकडे जाऊन कसली सेवा करणार?” आईला काय सांगू? आणि सोबत काय काय घेऊ? (इंदूर)

उत्तर : तुझी आई मला आवडली. पण तिच्या प्रश्नाआधी माझा एक प्रश्न आहे. तुम्हाला तिथे बोलावलंय कोणी?

मूळ पत्र तू चांगलं पाच पानी लिहिलं आहेस. नाटिकेत कोण काय होणार, गिटार कोण नेणार, टी-शर्टचा रंग कोणता, सगळं त्यात आहे. गावाचं नाव नाही. तिथे मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, आहे का, पाळक (पास्टर) कोण, त्यांनी काय मागितलं, याची एक ओळ नाही. तेव्हा पहिलं काम हे, की गावातल्या कोणाशी प्रत्यक्ष बोलणं झालंय ते तुमच्या पुढाऱ्याला विचार. “काठमांडूला एक ब्रदर ओळखीचे आहेत” हे उत्तर चालवून घेऊ नकोस. काठमांडूच्या माणसाला पाल्पाच्या वाडीतलं तेवढंच कळतं, जेवढं भोपाळच्या साहेबाला अलिराजपूरच्या फळियातलं.

दुसरं, तारखा. दसऱ्याची सुट्टी तुमच्या सोयीची आहे, पण तिथे तेव्हा दसैं असतो, वर्षातला सर्वांत मोठा सण. घटस्थापनेला जव पेरतात, त्याचे पिवळे कोंब म्हणजे जमरा. दशमीला घरातली थोर माणसं दही-तांदूळ-अबीर कालवून कपाळभर टिळा लावतात, कानामागे जमरा खोवतात, आणि नातेवाइकांकडे जाऊन टिळा घेणं पौर्णिमेपर्यंत चालू असतं. आखातात, मलेशियात, दिल्लीत कामाला गेलेली पोरं घरी परततात, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. गावातल्या ख्रिस्ती घरांची या पंधरवड्यात वेगळीच कुचंबणा होते. टिळा घ्यायचा की नाही, यावरून भावाभावांत अबोला, सासू-सुनेत धुसफुस. कोणी टिळा नाकारतं पण आजीच्या पायावर डोकं ठेवतं, कोणी त्या दिवशी मुद्दाम शेतावर निघून जातं. ही गाठ ती माणसं आपली आपण, वर्षानुवर्षं, एकेक पदर करून सोडवत असतात. त्या आठवड्यात एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले बारा परके गिटार घेऊन गावात शिरले, तर दहा दिवसांनी तुम्ही घरी आणि निस्तरायचं त्यांनी. तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, उलटून जाऊ दे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आभाळ मोकळं असतं, जळवा गेलेल्या असतात, भातकापणी बरीचशी उरकलेली असते आणि माणसांना तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते.

तिसरं, कायदा. हा परिच्छेद मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाच. व्हिसा लागत नाही म्हणून नेपाळ आपलंच, असं आपण धरून चालतो. तुम्ही तिथे परदेशी आहात. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाचं कलम २६ धर्म पाळायचं स्वातंत्र्य देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला त्याच कलमात मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ खाली धर्मांतर घडवणं किंवा तसा प्रयत्न करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाने शिक्षा भोगली की सात दिवसांत देशाबाहेर. मंडळीच्या घरात पाहुणे म्हणून उपासनेला बसणं वेगळं आणि चौकात नाटिका करून पुस्तिका वाटणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पोलिस तुम्हाला नेतील हा धोका आहेच. त्याहून मोठा धोका असा की तुम्ही सुटाल, आणि ज्याच्या पडवीत तुम्ही झोपलात त्याच्या दाराशी पुढची दोन वर्षं चौकश्या येत राहतील. पुस्तिका इंदूरलाच राहू देत. नेपाळी भाषेत पूर्ण बायबल १९१४ पासून आहे, दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधानांच्या कष्टांचं ते फळ. आपल्या हिंदी पत्रकांवाचून तिथे कोणाचं काही अडलेलं नाही.

“जुने मिशनरी असे कायदे बघत बसले असते तर?” असं तुमच्यातला एखादा म्हणेलच. त्याला नौतनव्याची गोष्ट सांग. सोनौलीच्या सीमेवर जाताना ते गाव तुम्हाला लागेल. १९५१ पर्यंत राणांच्या राजवटीत नेपाळ परदेशी माणसांना जवळजवळ बंद होता. डॉ. लिली ओहॅन्लन आणि हिल्डा स्टील या दोघी तेव्हा सीमेच्या अलीकडे, नौतनव्यात, दवाखाना चालवत थांबल्या होत्या. डोंगरातून उतरून येणाऱ्या नेपाळी रुग्णांना तपासायचं, त्यांची भाषा शिकायची आणि वाट बघायची. परवानगी मिळाली तेव्हा १९५२ साली त्यांची तुकडी चालत पोखऱ्याला पोचली. तिथे ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत इस्पितळ सुरू झालं. पत्रे उन्हात लांबूनच चकाकायचे, म्हणून त्याचं नावच शायनिंग हॉस्पिटल पडलं. १९५७ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी ग्रीन पाश्चर्स उभं राहिलं. पाल्पातल्या तानसेनचं मिशन इस्पितळ चालवणारी युनायटेड मिशन टू नेपाळ १९५४ ची. या संस्था सरकारशी करार करून राहिल्या आणि धर्मांतर करायचं नाही ही अट त्या करारांत होती. तरी २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये ख्रिस्ती १.७६ टक्के निघाले, म्हणजे पाच लाखांवर माणसं. माझ्या पाहण्यातल्या मंडळ्या नेपाळी माणसांनी नेपाळी माणसांशी चुलीपाशी बोलून उभ्या केलेल्या आहेत. बाहेरच्यांच्या नाटिकेने उभी राहिलेली एकही मला भेटली नाही.

आता औषधं. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण हा माझा विषय. त्या डोंगरात एका घरी आजीबाईंनी मडक्यांच्या उतरंडीमागून प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या पुढ्यात उपडी केली. वेगवेगळ्या शिबिरांनी दिलेल्या गोळ्या. त्यात ॲम्लोडिपिन दोन कंपन्यांचं, एक पांढरी गोळी, एक फिकट पिवळी. दोन्ही रक्तदाबाच्याच, दोन्ही पाच मिलिग्रॅम. आजी सकाळी पांढरी घ्यायच्या आणि रात्री पिवळी, कारण दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या म्हणजे दोन वेगळ्या आजारांच्या. पाय घोट्यापाशी सुजून टम्म झालेले, बोट दाबलं की खळगा राही. तिसऱ्या शिबिराने त्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी दिली होती. एकाही पाकिटावर त्यांना वाचता येईल असं काही लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक शिबिर चांगल्या मनानेच आलं असणार. पुढच्या महिन्यात गोळी कुठून आणायची, हे मात्र कोणी सांगून गेलं नव्हतं.

म्हणून औषधं वाटायची नाहीत. तुमच्यात डॉक्टर असला तरी नाही. परदेशी डॉक्टरला तिथे काम करायला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, आणि शिबिर भरवायचं तर स्थानिक सरकारची परवानगी. स्वतःपुरती प्रथमोपचाराची पेटी न्या. गावात पोचलात की महिला स्वास्थ्य स्वयंसेविका कोण ते विचारा. आपल्या आशाताईंसारखंच हे काम, पण १९८८ पासूनचं, देशभरात पन्नास हजारांच्या आसपास बायका आहेत. कोणाच्या घरी बाळंतपण जवळ आलंय, कोणाला क्षयाची औषधं चालू आहेत, हे तिला पाठ असतं. तिला विचारून जे काय करायचं ते करा. ती म्हणेल, “पोरांना जीवनजल कसं कालवायचं ते पुन्हा एकदा आयांना दाखवा.” जीवनजल म्हणजे तिथली ओआरएसची पुडी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचे चमचे, शिगोशीग नाही. एवढं नीट शिकवता आलं तरी पुष्कळ झालं.

जुने कपडे नेऊ नका. बुटवलच्या बाजारात कपडे मिळतात आणि तुझ्या कंपनीचे जुने टी-शर्ट घालायची हौस तिथेही कोणाला नाही.

मग न्यायचं काय? पाळकाला फोन लाव आणि तेच विचार. आम्हाला एकदा उत्तर आलं होतं: चाळिशीचे चष्मे. मला आधी नवल वाटलं, तिथे गेल्यावर कळलं. बायका तांदूळ निवडताना सूप नाकाला लावून बसायच्या. सुईत दोरा ओवायला नातवाला शाळेतून यायची वाट बघायच्या. मंडळीत भजनाचं पुस्तक हात लांब करून धरलेलं. दीड, दोन आणि अडीच नंबरचे चष्मे नेले, आपल्याकडे शंभर-दीडशेला मिळतात तसले. तानसेनच्या इस्पितळाशी बोलून ठेवलं, म्हणजे डोळ्यात पडदा दिसला तर कोणाकडे पाठवायचं ते ठरलेलं. एका मावशींनी चष्मा लावला, तळहात बघितला आणि नखातला मळ बघून लाजून हात पदराखाली घेतला. तुमच्या गावाला चष्मे लागतील असं नाही. कदाचित छपरासाठी पत्रे वर वाहून न्यायला बारा तरुण खांदे लागतील. जे मागतील ते.

चालण्याबद्दल. उंचीची भीती सोड. ती गावं साधारण पंधराशे ते दोन हजार मीटरवर असतात आणि डोंगर लागणं, म्हणजे विरळ हवेचा त्रास, सुरू होतं अडीच हजारांच्या वर. तुला छळणार आहेत त्या दगडी पायऱ्या, आणि चढताना नाही, उतरताना. रालामंडलला पाठीवर सात-आठ किलो घेऊन चढ-उतर सुरू कर, मग रविवारी जानापाव. बूट आत्ताच घे आणि ऑफिसला घालून जा, नवे बूट डोंगरात फोडायचे नसतात. निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं बारीक काप, नाहीतर उतरणीवर बोटं बुटाच्या टोकाला आपटून नखं काळी पडतात. एक काठी घे. जेवण तिथे सकाळी दहाच्या सुमाराला दाल-भात आणि मग संध्याकाळी, मध्ये काही मिळेल न मिळेल, तेव्हा चणे-गूळ खिशात. ढिंडो (पिठाचा घट्ट घाटा) आणि गुंद्रुक (आंबवून वाळवलेला पाला) मिळालं तर नशीब समज. पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून. सामान भरियाकडे, म्हणजे हमालाकडे, देणार असाल तर त्याची मजुरी, जेवण आणि विमा आधी ठरवा. तो डोको, म्हणजे पाठीवरची टोपली, कपाळाच्या पट्ट्यावर पेलतो म्हणून त्यात वाटेल तेवढं कोंबायचं नसतं.

आणि बाईमाणूस म्हणून: पाळीची तारीख मोजून ठेव, पॅड वापरून झाल्यावर पिशवीत बांधून खाली परत आण, डोंगरात टाकू नको. पुष्कळ हिंदू घरांत त्या दिवसांत चुलीपाशी जात नाहीत. यजमानीणबाईंना आधी हळूच विचार, तिथे सुधारकाचा आव आणू नको.

कागद: पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र. तुझ्या वयाला नुसतं आधार चालत नाही, सोनौलीला बसमधून उतरवलेले लोक मी बघितले आहेत. शंभराच्या नोटा ठेव, आपल्या शंभराचे तिथले एकशे साठ. आपलं सिम तिथे रोमिंगशिवाय मुकं, तिथलं नेपाळ टेलिकॉमचं घे, डोंगरात त्याची रेंज बरी. आरोग्यविमा परदेशात लागू आहे का ते वाच, बहुतेकांचा नसतो.

उपासना तिथे शनिवारी असते, रविवारी कामाचा दिवस. चपला बाहेर, खाली सतरंजीवर, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मादल (तिथला ढोल) घुमतो आणि प्रार्थना सगळे एकदम मोठ्याने करतात. “जयमसी” म्हणा आणि मागे बसा. बोलायला सांगितलं तर पाच मिनिटं. गिटार न्या हवं तर, पण पहिल्या शनिवारी ती पिशवीतच राहू दे. यजमान तुमच्यासाठी कोंबडी कापतील, ती नाकारू नका. बारा जणांचा खर्च पाळकाच्या हाती, मंडळीच्या वहीत नोंद करून द्या.

आईला सांग, बेत महिनाभर पुढे गेलाय. तोवर कुंड्या तुझ्याकडे.

प्रश्न : माझी मुलगी बावीस वर्षांची, नर्सिंग करते. मैत्रिणीच्या चर्चबरोबर उत्तराखंडात डोंगरातल्या एका गावी आठ दिवस जाणार म्हणते. आमच्या घरी दत्तभक्ती, दरवर्षी गुरुचरित्राचं पारायण. तिला थांबवावं का? यात कायद्याची काही अडचण? ती बदलून आली तर? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : कायद्याचं आधी. तुमच्या गुजरातचा धर्मांतराबद्दलचा कायदा २००३ चा, २०२१ मध्ये सुधारलेला. उत्तराखंडचा २०१८ चा. आमच्या मध्य प्रदेशाचा १९६८ चा, त्याजागी २०२१ चा. या सगळ्यांचा रोख बळजबरी, आमिष आणि फसवणूक करून केलेल्या धर्मांतरावर आहे. सज्ञान मुलीने मैत्रिणीबरोबर जाणं, रुग्णाचा रक्तदाब मोजणं, प्रार्थना चालू असताना शेजारी बसणं, यात गुन्हा काही नाही. प्रचाराचा हक्क घटनेच्या कलम २५ मध्ये आहे. तो हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. तो खटला मध्य प्रदेशातलाच.

थांबवू नका, पण चौकशी कडक करा. मुलीला विचारायला सांगा: ती ख्रिस्ती नाही हे गावाला ठाऊक असेल का? प्रार्थनेत भाग घेतलाच पाहिजे अशी सक्ती आहे का? शिक्षण पूर्ण झालेलं नसताना तिच्याकडून सुया टोचून घेणार आहेत का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर “हो” आलं तर मात्र थांबवा, आणि कारण धर्म नाही, नर्सिंग आहे हे तिला स्पष्ट सांगा.

बदलून आली तर? आपल्या मराठी घरांना हा प्रश्न नवा नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षं त्या घराने काय सोसलं हे मराठी वाचकाला माहीत आहे. हे उदाहरण देऊन मी तुमची उरलीसुरली झोप उडवते आहे, कबूल. पण आठ दिवसांच्या दौऱ्याने असं होत नाही, झालं तर ते आधीपासून मनात चाललेलं असतं. तेव्हा बोलायचं ते ती निघण्याआधी बोला. पारायणाला ती यंदा बसली होती का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, रक्तदाबाची गोळी चालू. आमच्या चर्चच्या ज्येष्ठांचा गट मनालीहून केलाँगला जुन्या मोरेव्हियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनच्या खुणा बघायला आणि पुढे चालत एका वाडीत जाणार आहे. डायमॉक्स घ्यावी का? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : तुमची जागा छान निवडली आहे, रस्ता मात्र फसवा. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून मनालीत नाश्ता आणि केलाँगला दुपारचं जेवण असं जमतं. मनाली दोन हजार मीटरच्या थोडी वर, केलाँग तीन हजारांच्या वर. शरीराला हजार मीटरची खबर लागायच्या आत तुम्ही तिथे अंथरूण घालता. मनालीत दोन रात्री काढा. केलाँगला पोचल्यावर पहिला अख्खा दिवस नुसता बाजारात फिरा. पुढे वर जायचं असेल तर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, डोंगर लागू नये म्हणून साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल, मूत्रपिंडाचं दुखणं असेल, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. बोटांना मुंग्या येतील आणि रात्री उठावं लागेल, त्याला घाबरू नका.

घाबरायचं कशाला ते सांगते. बसल्या जागी धाप लागली, किंवा एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालता येईना, की रात्र असो, गटाचा कार्यक्रम असो, खाली उतरायचं. “सकाळपर्यंत बघू” म्हणायचं नाही. गटात हे ठरवणारा माणूस आधी नेमा, आणि तो पाळक नसावा. पाळक प्रार्थना करू म्हणतात, मग उशीर होतो. (माझे वडीलच पाळक होते, तेव्हा मला हे म्हणायची मुभा आहे.)

तिथे गेल्यावर मोजे विणणाऱ्या बायका बघा. १८५६ मध्ये मोरेव्हियन मंडळींनी केलाँगला ठाणं केलं, हायड दांपत्य चाळीसेक वर्षं तिथे राहिलं. हायडबाईंनी बायकांना विणकाम शिकवलं, बटाट्याची लागवडही त्या मंडळींनीच आणली असं लाहौलात सांगतात. बाप्तिस्मा घेणारे थोडकेच निघाले. मोजे अजून विकले जातात, दोन जोड घ्या, घासाघीस करू नका.

प्रश्न : नेपाळ-हिमालय कशाला? आपल्या इंदुराजवळ गावं नाहीत का? (स्नेहनगर, इंदूर)

उत्तर : आहेत. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला जाऊन या. सिस्टर राणी मारिया १९९२ मध्ये तिथे आल्या, आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवायला त्यांचे बचतगट आणि बँकेची कर्जं यांच्यामागे लागल्या. ज्यांची सावकारी बुडत होती त्यांना ते खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, नाचनबोरच्या डोंगरापाशी, सगळ्या उतारूंसमोर त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथेच, इंदुरात, त्यांना धन्यवादित (संतपदाच्या अलीकडची पायरी) घोषित केलं, तेव्हा गर्दी केवढी होती ते तुम्हाला आठवत असेल. त्यांची कबर उदयनगरच्या चर्चमध्ये आहे. तिथल्या सिस्टर्सना आधी फोन करून, त्यांना सोयीचा वार विचारून जा. अठरा हजार लागत नाहीत, बसभाड्यात होतं. पण “जवळ आहे म्हणून जा आणि लांब आहे म्हणून नको” हे मला पटत नाही. जवळच्या गावालाही न बोलावता गेलं की तीच गत.

प्रश्न : मुलांचे फोटो काढून चर्चच्या ग्रुपवर टाकले तर चालतात ना? (इंदूर)

उत्तर : नाही. आईबापांना विचारून, ते हो म्हणाले तरी गावाचं नाव आणि मंडळीचा पत्ता न देता, आणि तेही परत आल्यावर. उपासनेचे तर मुळीच टाकू नका. नेपाळचं कलम १५८ काय म्हणतं ते वर सांगितलंच आहे. फोटो काढलाच तर त्याची प्रत छापून पुढच्या कोणाच्या हाती गावाला पाठवा. त्यांच्याकडे स्वतःच्या मुलांचे कागदावरचे फोटो फार कमी असतात, आणि तुमच्याकडे आधीच खूप आहेत.

(पुढच्या अंकासाठी पत्रं २० तारखेपर्यंत. गुडघ्याच्या पत्रांना पुढच्या वेळी नक्की उत्तर देते.)